उरवाईच्या मूर्तींना दोन ओळी पुरणार नाहीत : वारसा-फेरीच्या संयोजकांस खुले पत्र

ग्वाल्हेर किल्ल्याच्या मराठी माहितीपुस्तिकेच्या व वारसा-फेरीच्या सन्माननीय संयोजकांस,

सादर नमस्कार.

किल्ला पाहायला येणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी आपण तयार केलेल्या पुस्तिकेचा मसुदा आणि येत्या हिवाळ्यापासून सुरू होणाऱ्या वारसा-फेरीचा आराखडा शहरातल्या मराठी मंडळींकडे अभिप्रायासाठी आला, तेव्हा तो मी मोठ्या अपेक्षेने वाचायला घेतला. मानमंदिर, गुजरी महाल, सासबहूची मंदिरे, तेली मंदिर, चतुर्भुज मंदिरातील लेखात कोरलेले शून्य, दाता बंदी छोड गुरुद्वारा आणि शिंद्यांचा काळ यांना आपण पानेच्या पाने दिली आहेत आणि ती मेहनतीने लिहिली आहेत. किल्ल्याच्या कड्यांत कोरलेल्या जैन मूर्तींची बोळवण मात्र दोन ओळींत झाली आहे. त्या सातव्या शतकातल्या आहेत, गाडीने वर जाताना दिसतात आणि बाबराने त्या नष्ट केल्या, एवढेच त्या ओळी सांगतात. फेरीत उरवाईला, म्हणजे गाड्या ज्या दरवाजाने वर येतात तिथल्या मूर्तींच्या खोऱ्याला, थांबा नाही आणि आग्नेयेकडच्या मूर्तिसमूहाच्या, म्हणजे गोपाचल पर्वताच्या, नावाचा तर उल्लेखही नाही. मी लेखी हरकत पाठवली, तिला मार्ग ठरून गेला आहे असे तोंडी उत्तर मिळाले. हा निर्णय मला गप्प राहून मान्य करता येत नाही, म्हणून जे आपल्याला खाजगीत लिहिले तेच आता सर्वांसमोर आणि थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगते. मी जन्माने जैन नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेली आणि इथल्याच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली मी एक शिक्षिका आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली, त्या छावणीचे लष्कर नावाचे शहर झाले, आणि आमच्यासारखी अनेक मराठी घराणी तिच्या मागोमाग इथे आली. आपण या गावात आलो तेव्हा उरवाईच्या मूर्ती साडेतीनशे वर्षांहून जुन्या होत्या. आपल्या आधी इथे नांदलेल्या माणसांचा इतिहास नीट सांगणे ही नंतर येऊन वसलेल्यांची जबाबदारी आहे, असे मी वर्गात शिकवत आले. आता आपल्याच भाषेतल्या पुस्तिकेत त्याच्या उलट छापले जाणार असेल, तर त्याला माझी मूक संमती आहे असे कोणी समजू नये.

माझा पहिला आक्षेप शतकाविषयी आहे. या मूर्ती सातव्या शतकातल्या असल्याचे आपल्याला कुठेतरी वाचायला मिळाले असेल, कारण पर्यटनाच्या पत्रकांतून ते सर्रास छापले जाते. पण या बाबतीत तर्क करण्याची गरजच नाही, कारण अनेक मूर्तींच्या शेजारी कोरीव लेख आहेत आणि त्यांत संवत दिलेला आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६० च्या दशकात किल्ल्याची पाहणी केली, तेव्हा त्यांनी या शिल्पांचे जागेनुसार पाच समूह पाडले आणि त्यांतले लेख वाचले. उरवाई समूहातील लेख संवत १४९७ ते १५१० म्हणजे इ. स. १४४० ते १४५३ या काळातले आहेत. किल्ल्याच्या पूर्वेकडील सरळ कड्यावर, गंगोला तलावाच्या खाली जो मोठा आग्नेय समूह आहे, तिथले लेख संवत १५२५ ते १५३० म्हणजे १४६८ ते १४७३ मधले आहेत. वायव्येकडील समूहात ढोंडा दरवाजाच्या उत्तरेला आदिनाथाची एक मूर्ती आहे, तिच्यावर संवत १५२७ आहे. थोडक्यात, मुख्य काम तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह यांच्या कारकिर्दींत, जेमतेम तेहेतीस-चौतीस वर्षांत उरकले गेले. ज्या मानसिंहाच्या महालाला आपण सर्वांत जास्त जागा दिली आहे, तो गादीवर आला त्याआधीच हे घडून गेले होते.

ही केवळ तारखेची दुरुस्ती नाही. सातवे शतक म्हटले की या मूर्ती कोणाच्या, कशासाठी, हे सगळे धूसर होते आणि वाचक पुढे सरकतो. पंधरावे शतक म्हटले की माणसे दिसू लागतात. तैमूरच्या स्वारीने दिल्लीची सत्ता खिळखिळी झाल्यावर तोमरांनी ग्वाल्हेरला आपले राज्य उभे केले, त्या राज्यात व्यापारी, कारभारी आणि विद्वान म्हणून जैनांचे मोठे वजन होते. वीरमदेव तोमराचा मंत्री कुशराज जैन होता. डुंगरसिंहाच्या काळात तर ग्वाल्हेर हे दिगंबर जैनांच्या विद्येचे एक केंद्र झाले होते. काष्ठासंघ या दिगंबर मुनिसंघाच्या माथुर गच्छाचे (शाखेचे) भट्टारक म्हणजे धर्मपीठाचे प्रमुख गुणकीर्ती आणि त्यांच्यामागून गादीवर आलेले यशःकीर्ती यांनी इथे ग्रंथ लिहवून घेतले, जुन्या पोथ्यांच्या नकला करवल्या. रइधू नावाचा अपभ्रंश भाषेतला थोर कवी याच काळात याच गावात राहून लिहीत होता. त्याच्या वीसहून अधिक रचनांची नावे आज ज्ञात आहेत, आणि त्यांतून त्याने ग्वाल्हेरचे, इथल्या राजाचे, बाजाराचे आणि श्रेष्ठींचे वर्णन केले आहे. मध्ययुगीन ग्वाल्हेरविषयी इतक्या जवळून लिहिणारा दुसरा साक्षीदार आपल्याला मिळणे कठीण.

उरवाईतील संवत १४९७ चा लेख मी विद्यार्थ्यांना शिकवत असे, कारण एका लेखात एक आख्खे गाव कसे सापडते ते त्यातून दाखवता येते. त्यात गोपाचल दुर्गाचे, म्हणजे याच किल्ल्याचे, नाव आहे, राज्य करणाऱ्या राजाचे नाव आहे, संघ, गच्छ आणि भट्टारकांची परंपरा आहे, प्रतिष्ठा करणारा पंडित म्हणून रइधूचा उल्लेख आहे, आणि ज्या अग्रवाल कुटुंबाने मूर्ती करवली त्याची वंशावळ गोत्रासकट आहे. राजाने जागा आणि अभय दिले, पैसा व्यापाऱ्यांनी घातला, विधी पंडितांनी केला. हात मात्र पाथरवटांचे होते आणि त्यांची नावे लेखात नाहीत. एवढा मजकूर ज्या दगडावर वाचायला मिळतो त्याच्यासमोरून आपली फेरी न थांबता जाणार आहे, हे मला खरेच समजत नाही.

दुसरा आक्षेप ‘बाबराने नष्ट केल्या’ या विधानाला आहे. बाबर ग्वाल्हेरला आला, उरवाईच्या खोऱ्यात उतरला, जागा त्याला आवडली, पण नग्न मूर्ती हा तिथला दोष वाटून त्याने त्या नष्ट करण्याचा हुकूम दिला, हे त्याने स्वतःच्या आठवणींत नोंदवले आहे. शेवटच्या मूर्तीच्या प्रतिष्ठेला तेव्हा साठ वर्षेही झालेली नव्हती. हुकूम नष्ट करण्याचा होता. घडले ते असे, की तोंडे फोडली गेली, काही ठिकाणी हात आणि इतर अवयव तोडले गेले, पण मूर्ती कड्यातच उभ्या राहिल्या. पुढे स्थानिक जैनांनी त्यांतल्या काहींची डोकी चुन्याने पुन्हा घडवली. कनिंगहॅम यांनीही हे नोंदवले आहे, आणि आजही काही मूर्तींच्या मानेशी खालचा वालुकाश्म आणि वरचा चुना यांचा सांधा सकाळच्या तिरप्या उन्हात साध्या डोळ्यांनी दिसतो. खालच्या दगडावर छिन्नीने ओढलेली छातीची गोलाई ताठ आणि रेखीव आहे, तर वरचा चेहरा मऊ, थोडा बसका, दुसऱ्याच हाताने केलेला आहे. तोडफोडीचा इतिहास सांगताना या दुरुस्तीचा इतिहास गाळला, तर पाहुण्याला अर्धेच कळेल आणि ते अर्धे त्याच्या मनात फक्त राग ठेवून जाईल. घडले ते जसेच्या तसे सांगा. फोडणाऱ्याचे नाव सांगा, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या मूर्ती सांभाळल्या त्यांचेही काम सांगा.

थांबा न देण्याची जी कारणे मला तोंडी सांगण्यात आली, त्यांचाही विचार करते. वेळ पुरत नाही हे पहिले कारण होते. उरवाई दरवाजातून वर येणारा रस्ता हाच गाड्यांचा रस्ता आहे आणि पाहुणे त्याच रस्त्याने वर येणार आहेत, त्यामुळे वळसा घालण्याचा प्रश्नच नाही. तिथे सुमारे बावीस मोठ्या मूर्ती आहेत. त्यांतली उभी आदिनाथाची मूर्ती सत्तावन्न फुटांहून उंच आहे आणि तिचे एकटे पाऊल नऊ फुटांचे आहे. जवळच तीस फुटांहून उंच अशी नेमिनाथांची बैठी मूर्ती आहे. चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या लेखातील शून्यासमोर आपण पाहुण्यांना वीस मिनिटे थांबवणार आहात, आणि ते योग्यच आहे. तेवढाच वेळ उरवाईला दिला तर फेरी लांबेल ती तेवढीच.

मूर्ती भग्न आहेत, पाहुण्यांना काय दाखवायचे, हे दुसरे कारण. यावर मला फार लिहावेसे वाटत नाही. तेली मंदिराचे मूळ रूप तरी कुठे शाबूत आहे, आणि सासबहूच्या मोठ्या मंदिराचे शिखर कोसळले म्हणून ते आपण फेरीतून वगळले आहे का?

तिसऱ्या कारणाने मात्र मला वाईट वाटले. हा जैनांचा विषय आहे, मराठी पाहुण्यांना शिंद्यांमध्ये, तानसेनाच्या समाधीत आणि झाशीच्या राणीच्या समाधीत रस असतो, असे मला सांगण्यात आले. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा, मराठीतच पूजापाठ समजून घेणारा दिगंबर जैन समाज आहे, हे सांगणाऱ्यांना ठाऊक नाही का? कुंभोजची बाहुबलीची टेकडी, आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये जिथे देह ठेवला ते कुंथलगिरी, नाशिकजवळचे गजपंथ, आणि जिथे २०१६ मध्ये ऋषभदेवांच्या एकशे आठ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा झाली ते मांगीतुंगी, ही सगळी महाराष्ट्रातलीच तीर्थे आहेत. वेरूळला जाणारा मराठी माणूस कैलास लेणे पाहून तीस ते चौतीस क्रमांकांच्या जैन लेण्यांपर्यंत पायपीट करतोच. त्याला पाषाणात कोरलेला तीर्थंकर परका नाही.

आणि ग्वाल्हेरला येणाऱ्यांपैकी कित्येक मराठी कुटुंबे मुळात यात्रेलाच आलेली असतात. ग्वाल्हेर-झाशी रेल्वेमार्गावर दतिया जिल्ह्यात सोनागिरी आहे. डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र मंदिरांची रांग चढत गेलेली, प्रत्येक मंदिराला क्रमांक, डोंगरावर सत्त्याहत्तर मंदिरे आणि खाली गावात आणखी, असे ते मंदिरांचेच गाव आहे. सत्तावन्न क्रमांकाचे चंद्रप्रभूंचे मंदिर तिथले मुख्य. नंग आणि अनंग कुमार यांच्यासह साडेपाच कोटी मुनींना तिथे मोक्ष मिळाला अशी दिगंबरांची श्रद्धा आहे, आणि होळीनंतरच्या दिवसांत तिथे मोठी जत्रा भरते. हे यात्रेकरू रेल्वेने ग्वाल्हेरला उतरतात, एखादा मुक्काम करतात, किल्ला पाहतात आणि पुढे जातात. ग्वाल्हेर आणि सोनागिरी यांची भट्टारक-परंपराही एकमेकींत गुंतलेली आहे. ज्या डोंगरावर ते दर्शनाला निघाले आहेत, त्याचा इतिहास या किल्ल्याच्या कड्यापासून सांगता येतो, हे त्यांना सांगणारे मराठीत कोणी नाही. आपली पुस्तिका ते करू शकली असती.

राणीच्या समाधीचा मुद्दा तर माझ्याच म्हणण्याच्या बाजूने बोलतो. समाधी फूलबागेत आहे आणि गोपाचल पर्वत म्हणून ओळखला जाणारा आग्नेय समूह फूलबागेच्या बाजूनेच जाऊन पाहायचा असतो. कनिंगहॅम यांनी या समूहात वीस ते तीस फूट उंचीच्या अठरा आणि आठ ते पंधरा फुटांच्या तितक्याच मूर्ती नोंदवल्या आहेत. कड्याच्या कडेने अर्ध्या मैलाहून अधिक लांब पसरलेल्या या गुहांत पद्मासनातले विशाल पार्श्वनाथ आहेत, आणि ‘एक पत्थर की बावडी’ही तिथेच आहे. समाधीवर फुले वाहून झाल्यावर ज्यांना चढता येईल त्यांना तिथे नेता येईल.

सासबहूच्या पानातही एक गोष्ट राहून गेली आहे. कच्छपघात राजा महीपालाच्या काळातले, १०९३ च्या प्रशस्तीचे हे मंदिर विष्णूचे आहे. ती लांबलचक संस्कृत प्रशस्ती मणिकंठ नावाच्या कवीने रचली आणि ती लिहून देणारा यशोदेव स्वतःला ‘दिगंबरार्क’ म्हणवणारा जैन पंडित होता. या किल्ल्यावर जैन आणि वैष्णव वेगवेगळ्या पानांवर राहत नव्हते, हे दाखवणारा इतका चांगला दाखला आपल्याच मसुद्यात जागा असूनही आलेला नाही.

आता जतनाविषयी. ही जबाबदारी आपली नाही हे मी जाणते. पण आपण इथे माणसे आणणार असाल तर तिच्याकडे डोळेझाकही करता येणार नाही. वालुकाश्मात पाणी मुरते आणि किल्ल्याच्या माथ्यावर तलाव आहेत. पावसाळ्यानंतर मूर्तींच्या खांद्यांवरून काळे-हिरवे ओघळ उतरलेले दिसतात, आणि जिथे ते वर्षानुवर्षे उतरतात तिथे दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. हात पोहोचेल तिथे नावे कोरलेली आहेत. उरवाईच्या चढावर गाड्या मूर्तींच्या अगदी खाली उभ्या करून लोक छायाचित्रे काढतात, मूर्तींच्या पादपीठांवर चढतात, खाण्याची पाकिटे तिथेच टाकतात. अनेकांना हे पूजास्थान आहे याची कल्पनाच नसते, कारण ते सांगणारे कोणी नसते. मार्च २०२४ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला, तेव्हा आपण सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले. बाहेरचे तज्ज्ञ उद्या या मूर्तींचे मोजमाप घेतील, आणि आपल्या पुस्तिकेत त्यांचे शतकही चुकलेले असेल.

म्हणून आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

मसुद्यातील ‘सातव्या शतकातील’ हे शब्द छपाईपूर्वी काढावेत आणि त्यांच्या जागी तोमरांच्या काळातील, १४४० ते १४७३ या वर्षांतील लेख असलेली शिल्पे, अशी दुरुस्ती करावी. ‘नष्ट केल्या’ हे विधान बदलून तोडफोड आणि नंतरची दुरुस्ती दोन्ही नोंदवावी. छपाई सुरू झाली असेल तर शुद्धिपत्र जोडावे.

या शिल्पांना पुस्तिकेत किमान चार पाने द्यावीत. त्यांत डुंगरसिंह व कीर्तिसिंह, भट्टारक-परंपरा, रइधू आणि मूर्ती करवणारी कुटुंबे यांची माहिती असावी, संवत १४९७ च्या लेखाचा सारांश सोप्या मराठीत असावा आणि सोनागिरीला कसे जावे हेही असावे. हा मजकूर मी विनामूल्य लिहून देईन आणि तो अभ्यासकांकडून तपासून घेऊनच आपल्या हाती ठेवीन. माझे नाव छापण्याची गरज नाही.

फेरीत उरवाईला वीस मिनिटांचा थांबा द्यावा, आणि तो गाडीत बसून नव्हे तर खाली उतरून असावा. गोपाचल पर्वताची स्वतंत्र फेरी महिन्यातून एका रविवारी ठेवावी, आणि ती आखताना शहरातील जैन समाजातल्या जाणत्या मंडळींना बोलावून घ्यावे. त्यांच्या पूजास्थानी पाहुण्यांनी कसे वागावे, पादत्राणे कुठे काढावीत, कशाला हात लावू नये, हे नियम त्यांनी सांगावेत आणि आपण ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावेत.

फेरीसाठी जे तरुण मार्गदर्शक आपण तयार करत आहात, त्यांना या विषयाचे किमान एक सत्र द्यावे. आज त्यांना विचारले तर ते आदिनाथाची उंची सांगतात आणि गप्प बसतात, यात त्यांचा दोष नाही.

शेवटची मागणी अशी, की मूर्तींवरचे पाण्याचे ओघळ, कोरलेली नावे आणि खालचे वाहनतळ यांविषयी किल्ल्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना आपल्या समितीने छायाचित्रांसह निवेदन द्यावे. एकट्या नागरिकाच्या अर्जाला उत्तर यायला वर्षे लागतात. अनेक मंडळांच्या सह्या असलेले निवेदन निदान वाचले तरी जाईल.

या पत्राचे उत्तर मला लेखी हवे आहे, आणि ते फेरी सुरू होण्यापूर्वी हवे आहे. आपली पुढची बैठक ज्या दिवशी असेल त्या दिवशी लेखांच्या ठशांची छायाचित्रे आणि माझी टिपणे घेऊन मी यायला तयार आहे. आपण बोलावले नाही, तरी पहिल्या फेरीच्या दिवशी सकाळी मी उरवाईच्या चढावर उभी असेन आणि जो पाहुणा गाडीतून उतरेल त्याला या मूर्तींविषयी मराठीत सांगेन.

आपली नम्र,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक निवृत्त इतिहास-शिक्षिका